डेस्कटॉपचं वॉटर कूलिंग: ठाण्यातले दोन महिने, सव्वा लिटर पाणी आणि एक चिरडलेली ओ-रिंग

कॉम्प्युटरमध्ये स्वतःच्या हाताने पाणी भरायचं म्हटलं की घरातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, सांडलं तर? प्रश्न अगदी बरोबर आहे. हे काम २६ जानेवारी २०२५ ला सुरू झालं आणि ३१ मार्चला मशीन चालू झालं. त्यातले प्रत्यक्ष हाताने केलेल्या कामाचे दिवस जेमतेम सहा. बाकी सगळी वाट पाहणी: ईमेलच्या उत्तराची, पार्सलची, कस्टम्सची, बुडबुडे निघून जाण्याची. घाई कुठे करायची नाही हे आधी कळलं असतं तर मधले काही दिवस कमी धाकधुकीत गेले असते, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवलं आहे.

मशीन असं: रायझेन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड (१० जीबीचं), आणि लिआन ली ओ११ डायनॅमिक केस, म्हणजे कॉम्प्युटरचं कॅबिनेट. वॉटर कूलिंगचा विचार उष्णतेच्या हिशेबापासून करायचा असतो. प्रोसेसर पूर्ण ताणावर १४२ वॉटपर्यंत खातो, कार्ड ३२० वॉट. दोन्ही मिळून ४६२ वॉट, म्हणजे साडेचारशे वॉटचा हीटर. तो ठाण्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत.

२६ जानेवारीला काहीही न उघडता फक्त मापं घेतली. हे जरूर करा, नाहीतर पैसे खर्च झाल्यावर फरक नेमका किती पडला ते कधीच कळत नाही. खोलीत २८ अंश. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून तासभर दोन्ही भागांवर पूर्ण भार दिला. कार्ड ७६ अंश, कार्डाची मेमरी ९८, कार्डाचे पंखे २१०० आरपीएमवर, प्रोसेसर ८८. पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. मापं एका कागदावर लिहून तो कागद केसच्या बाजूला चिकटवला.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी उष्णता संपवत नाही, ती फक्त चिपपासून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीपर्यंत, वाहून नेतं. रेडिएटरवरून हवा जाते ती खोलीचीच. त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. चांगल्या लूपमध्ये (पंप, नळ्या आणि रेडिएटर यांतून पाणी फिरवणाऱ्या बंद चक्रात) पूर्ण भारावर पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंश गरम असतं. पुण्याच्या हिवाळ्यात २० अंशांच्या खोलीत ते ३० होईल, ठाण्यात मे महिन्यात ३३ च्या खोलीत ४३. त्यामुळे परदेशातल्या लोकांचे आकडे पाहून स्वतःच्या मशीनला नावं ठेवू नका, पाणी आणि खोली यांच्यातला फरक तेवढा बघा. हेच कारण आपल्या दुसऱ्या भीतीलाही उत्तर देतं. खाडीकाठच्या दमट हवेत नळ्यांवर दव धरेल का? नाही. दव थंड पृष्ठभागावर धरतं आणि लूपमधलं पाणी नेहमी खोलीपेक्षा गरमच असतं. फ्रिजसारखा चिलर जोडला तर गोष्ट वेगळी.

४ फेब्रुवारीला कार्डाच्या कंपनीच्या सेवा विभागाला ईमेल पाठवला. तीनच प्रश्न: मूळ कूलर काढला तर वॉरंटी जाते का, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं तर काय, आणि दुरुस्तीला पाठवताना मूळ कूलर परत लावून पाठवायचा का. कार्डाचा सीरियल नंबर आणि बिलाची प्रत सोबत जोडली. उत्तर १३ फेब्रुवारीला आलं: कूलर काढायला हरकत नाही, मात्र कार्डाला इजा झालेली दिसली तर वॉरंटी नाही, आणि पाठवताना कार्ड मूळ स्वरूपात हवं. प्रत्येक कंपनीचं धोरण वेगळं असतं. फोनवरच्या आश्वासनावर राहू नका, लेखी उत्तर मिळवून ठेवा. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि जुने पॅडसुद्धा एका डब्यात जपून ठेवायचे.

उत्तर हातात येईपर्यंत ब्लॉक मागवला नाही. कार्डाचा ब्लॉक म्हणजे मूळ कूलरच्या जागी चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा तांब्याचा जाड तुकडा. त्याला आतून केसाएवढ्या बारीक खाचा असतात आणि तो नेमका त्याच सर्किट बोर्डासाठी कोरलेला असतो. ३०८० या एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे बोर्ड आहेत. खोक्यावरचं नाव पुरेसं नाही, कार्डावरचा पूर्ण मॉडेल नंबर ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत शोधावा लागतो. प्रोसेसरच्या ब्लॉकला ही कटकट नाही, त्याला फक्त सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती मदरबोर्डावरची जागा, जुळायला हवं.

१५ फेब्रुवारीला कार्डाचा ब्लॉक, हवेच्या दाबाने गळती तपासायचा पंप आणि पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर परदेशातून मागवला. भाड्यासकट १९,४०० रुपये. पार्सल २४ फेब्रुवारीला मुंबईत उतरलं आणि कुरियरचा केवायसीचा मेसेज आला. अशा मेसेजच्या नावाखाली फसवणूक खूप होते, म्हणून मेसेजमधल्या लिंकवर न जाता कुरियरच्या साइटवर पार्सलचा नंबर टाकून खात्री करा आणि तिथूनच पुढे जा. आधार, पॅन, इनव्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा २५ ला अपलोड केला. २६ ला महाशिवरात्रीची सुट्टी. २७ ला वस्तूचं वर्णन मागितलं गेलं, कारण इनव्हॉइसवर नुसतं ‘वॉटर ब्लॉक’ लिहिलं होतं आणि त्यावरून कुणालाच काही कळत नाही. उत्तरात लिहिलं: ‘डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला थंड ठेवणारा तांब्याचा सुटा भाग, एक नग, वैयक्तिक वापरासाठी’. सोबत उत्पादनाच्या पानाची लिंक दिली. २८ ला शुल्काचा आकडा आला. शुल्क वस्तूच्या किमतीसोबत भाड्यावरही लागतं हे लक्षात ठेवा, शिवाय कुरियरचा हाताळणी आकार वेगळा. सगळं मिळून ९,६५० रुपये. पार्सल ३ मार्चला घरी आलं. जे इथे मिळतं ते परदेशातून मागवण्यात काही अर्थ नाही, आणि कूलंट, म्हणजे लूपमध्ये भरायचं तयार पाणी, तर मुळीच मागवू नका, विमानाच्या कुरियरमध्ये द्रव अडकतो.

उरलेलं सामान ८ मार्चला शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून आणलं. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो लोकल पकडून ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, आणि वॉटर कूलिंगचा माल मोजक्याच दुकानांत असतो, म्हणून आधी फोन करून मगच निघा. प्रोसेसरचा ब्लॉक ५,८०० रुपये. ३६० मिमीचे ३० मिमी जाडीचे दोन रेडिएटर, प्रत्येकी ६,९००. डी५ प्रकारचा पंप आणि त्यालाच जोडलेला २५० मिलीचा रेझर्व्हॉयर, म्हणजे पाण्याची छोटी टाकी, १२,५००. नळ्या जोडायच्या सरळ फिटिंग बारा, ४२० ला एक, म्हणजे ५,०४०. काटकोनातली चार, २,६००. तीन मीटर नळी १,५००. तयार कूलंटच्या एक लिटरच्या दोन बाटल्या २,८००. सहा पंखे ६,९००. या एका फेरीचे ५०,९४० रुपये झाले. फिटिंगवर एवढा खर्च येतो हे सहसा कुणी आधी सांगत नाही.

खरेदी करताना तीन गोष्टींवर अडून बसा. पहिली, धातू. ब्लॉक तांब्याचे असतात. रेडिएटरही तांबं-पितळेचाच घ्या. स्वस्त ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्याच पाण्यात घातला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम झिजत जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या खाचांत बसतो. फिटिंग निकेल चढवलेल्या पितळेच्या चालतात. दुसरी, नळी. चकचकीत ॲक्रिलिक किंवा पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या दिसायला सुंदर असतात, पण त्या गरम करून वाकवाव्या लागतात, आणि पाणी ६० अंशांकडे गेलं तर पीईटीजी मऊ पडून फिटिंगमधून सरकू शकते. पारदर्शक पीव्हीसीच्या मऊ नळीतून काही महिन्यांत तेलकट द्रव्य सुटतं आणि ब्लॉकमध्ये चिकटतं. पहिल्याच लूपसाठी काळी ईपीडीएम रबराची नळी घ्या. सायकलच्या ट्यूबसारखी दिसते, शोभेची नाही, पण वर्षानुवर्षं टिकते. माप आतून १० मिमी, बाहेरून १६. फिटिंगही बरोबर १०/१६ चीच लागते, १०/१३ ची चालत नाही. तिसरी, कूलंटचा रंग. दुधाळ, पेस्टल रंगांतले कण खाली बसतात. साधं पारदर्शक घ्या.

९ मार्च संपूर्ण दिवस रेडिएटर धुण्यात गेला. नव्या रेडिएटरच्या आत झाळकामाचा फ्लक्स (झाळताना लावलेलं रसायन) आणि धातूचा चुरा असतोच. कोमट पाणी अर्ध्यापर्यंत भरायचं, दोन्ही तोंडं प्लगने बंद करायची, दोन मिनिटं जोरात हलवायचं आणि पांढऱ्या सुती कापडातून ओतायचं. पहिल्या वेळी कापडावर हिरवट डाग आणि काळे बारीक कण आले. पाचव्या वेळी कापड कोरं राहिलं. शेवटच्या दोन वेळा डिस्टिल्ड वॉटरच वापरा. व्हिनेगरचा सल्ला खूप ऐकायला मिळतो. निकेलच्या आसपास तो मानू नका.

डिस्टिल्ड वॉटरबद्दल थोडं सविस्तर. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये ते १२० रुपयांना मिळालं. लेबलवर काहीही लिहिलेलं असो, घरी आणून पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवा. मीटर २५० रुपयांना आला. आणलेल्या तीन कॅनपैकी दोनवर २ आणि ३ असा आकडा आला, तिसऱ्यावर ३८. तो परत केला आणि बदलून दुसरा आणला. घरच्या आरओचं पाणी कितीही गोड लागलं तरी त्यात क्षार उरतातच, ते लूपमध्ये घालायचं नाही.

१५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, कार्ड उघडलं. आधी दहा मिनिटं गेम चालवून कार्ड गरम केलं, त्यामुळे चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आणि पॅड सैल पडतात आणि कूलर ओढताना बोर्डावर ताण येत नाही. कागदावर कार्डाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू चित्रातल्या त्याच जागी टेपने चिकटवला. कूलर सुटला की झटकन उचलू नका, खाली पंख्यांच्या आणि दिव्यांच्या वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात. पुस्तक उघडतो तसा एका बाजूने उघडायचा आणि कनेक्टर नखाने काढायचे, वायर धरून ओढायची नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप आरशासारखी लख्ख होईपर्यंत पुसली.

पॅड हाच इथला सगळ्यात जास्त चुका होणारा भाग. दहा मेमरी चिप आणि वीजपुरवठ्याचे भाग यांच्यावर ठरावीक जाडीचे थर्मल पॅड बसतात. ब्लॉकच्या पत्रकात कुठे १ मिमी, कुठे दीड, हे दिलेलं असतं. जाड पॅड बरा, असं समजून जास्त जाडीचा लावला तर ब्लॉक त्यावरच टेकतो आणि मधली मुख्य चिप अधांतरी राहते. तपासायचा उपाय सोपा आहे. पेस्ट लावून ब्लॉक बसवा, स्क्रू एकाआड एक तिरपे थोडे थोडे आवळा, आणि परत सगळं उघडून बघा. चिपवर पेस्ट सगळीकडे सारखी पसरलेली हवी आणि प्रत्येक पॅडवर चिपचा चौकोनी ठसा उमटलेला हवा. इथे एका मेमरी चिपचा ठसा अर्धाच होता, कारण पॅड जागेवरून सरकला होता. तो नीट लावला, नवी पेस्ट लावली आणि कार्ड कायमचं बंद केलं. पेस्ट आणि जास्तीच्या पॅडला ९०० रुपये लागले. आता हे कार्ड पाण्याशिवाय चालवता येणार नाही, याची जाणीव त्या क्षणी फार ठळक होते.

२२ मार्चला केसमध्ये जुळवणी. एक रेडिएटर तळाला, पंखे खालून हवा आत घेणारे. दुसरा छताला, हवा बाहेर टाकणारा. वरच्या रेडिएटरला थोडी गरम झालेली हवा मिळते, त्याने अंशा-दोन अंशांचा फरक पडतो. तरीही ही मांडणी निवडली, कारण घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या कामाची धूळ होती. हवा एकाच बाजूने, एकाच जाळीतून आत आली की साफ करायची जागाही एकच राहते.

पंखे लावताना स्क्रूची लांबी मोजा. २५ मिमीच्या पंख्यातून रेडिएटरला ३० मिमीचा स्क्रू लागतो. तोच स्क्रू केसच्या पत्र्यातून थेट रेडिएटरमध्ये घातला तर तो पाण्याच्या नलिकेत घुसतो आणि नवा रेडिएटर तिथल्या तिथे संपतो. पत्र्यासाठी ५-६ मिमीचे आखूड स्क्रू वेगळे काढून ठेवा.

पाणी कोणत्या क्रमाने फिरवायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हिशेब करून बघा. मिनिटाला ३ लिटर पाणी वाहत असेल तर ३२० वॉटचं कार्ड त्या पाण्याला जेमतेम दीड अंशाने तापवतं. म्हणजे क्रमाने काहीही बिघडत नाही. नळ्या सर्वांत कमी वळणांनी जातील तसा क्रम ठेवा. अट एकच: रेझर्व्हॉयर पंपाच्या वर आणि पंपाच्या लगेच आधी हवा. डी५ पंपाचं बेअरिंग पाण्यावरच फिरतं, कोरडा चालला की झिजतो.

नळी धारदार कटरने काटकोनात कापायची. तिरपी कापली तर एका बाजूने नीट बसत नाही. फिटिंगचं आवळायचं कडं आधी नळीवर चढवायचं. हे सगळेच विसरतात आणि दुसरं टोक बसवून झाल्यावर आठवतं. नळीचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरलं की फिटिंगच्या आतल्या तोंडावर सहज सरकतं. कडं हाताने आवळायचं, पकड लावायची नाही.

निचऱ्यासाठी लूपच्या सर्वांत खालच्या जागी टी (तीन तोंडांची जोडणी) लावून एक छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवला. तो वागळे इस्टेटमध्ये न्यूमॅटिकच्या, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांच्या सामानाच्या, दुकानात २८० रुपयांना मिळाला. इथे सावध राहा. वॉटर कूलिंगमधले सगळे आटे जी १/४ मापाचे, म्हणजे समांतर. न्यूमॅटिकच्या दुकानात पाव इंची मागितलं की बऱ्याचदा निमुळत्या आट्याचा माल मिळतो, टेफ्लॉन टेप लावून वापरायचा. तो दिसायला सारखाच असतो आणि पहिले दोन-तीन फेरे आरामात जातो. मग घट्ट होतो, आणि आवळत गेलं की पाचरीसारखा ॲक्रिलिकला चिरत जातो. समांतर आटा बोटांनी शेवटपर्यंत फिरतो आणि ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गोल रबरी रिंगवर, टेकून थांबतो. दुकानात जाताना स्वतःची एक फिटिंग खिशात ठेवा आणि तिथेच फिरवून बघा. व्हॉल्व्ह पितळी हवा, ॲल्युमिनियमचा नको.

२३ मार्च. आता पाण्याआधी हवेची परीक्षा. सगळं लूप बंद करून रेझर्व्हॉयरच्या वरच्या तोंडाला दाबमापी लावली आणि हातपंपाने ०.५ बार (बार हे दाबाचं माप) हवा भरली. याहून जास्त नको, ॲक्रिलिकवर ताण येतो. काटा पंधरा मिनिटांत ०.४१ वर आला. गळती होती, आणि पाणी भरलं असतं तर ती कार्डावर झाली असती. भीती वाटली, पण सुटकेची भावना त्याहून मोठी होती, कारण अजून एक थेंबही आत नव्हता.

गळती शोधायला साबणाचा फेस लावू नका, तो सर्किटवर ओघळतो. लूपचे भाग पाडा. मधली एक नळी सोडवून दोन्ही बाजूंना प्लग लावले. प्रोसेसर आणि वरचा रेडिएटर या भागाचा काटा स्थिर राहिला. दुसऱ्या भागाचा पडला. त्याचे परत दोन भाग केले. अर्ध्या तासात शोध कार्डाच्या ब्लॉकवरच्या काटकोनी फिटिंगपर्यंत आला. ती उघडली तेव्हा कारण समोर होतं. काळी ओ-रिंग खोबणीतून एका बाजूने बाहेर आली होती आणि धातूच्या कडेखाली चिरडली होती. तेवढ्या भागात ती चपटी, चकचकीत झाली होती आणि कापलेल्या नखाएवढी एक पातळ चीर तिच्यापासून सुटून वर आली होती. काटकोनी फिटिंगचा वरचा हात फिरता असतो. तो धरून फिटिंग आवळली की जोर तिरपा पडतो आणि कोरडी ओ-रिंग खोबणीबाहेर ओढली जाते. फिटिंग बुडाशी धरूनच आवळायची, आणि ओ-रिंगवर आधी डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब चोळायचा म्हणजे ती घसरत जागेवर बसते. पाकिटात जास्तीच्या रिंगा असतात. नवी लावली आणि उरलेल्या तिन्ही काटकोनी फिटिंग उघडून पाहिल्या. त्या ठीक होत्या.

दुसऱ्यांदा दाब ०.५ भरला. अर्ध्या तासात ०.४९ च्या जरा खाली. आता हीसुद्धा गळती का? मधल्या वेळात खोलीत एसी लागला होता आणि ३१ चे २८ अंश झाले होते. बंद जागेतली हवा तीन अंश थंड झाली की दाब सुमारे ०.०१५ बारने आपोआप उतरतो. एसी बंद केल्यावर काटा परत वर सरकला. तेव्हा विश्वास बसला. परीक्षा एकाच तापमानात घ्या, आणि किमान अर्धा तास.

२९ मार्चला दुपारी पाणी भरलं. त्याआधी मदरबोर्डाची २४ पिनची वायर, प्रोसेसरची वायर, कार्डाच्या वायरी असं सगळं काढलं. वीज फक्त पंपाला. पॉवर सप्लाय मदरबोर्डाशिवाय चालू करायला २४ पिनच्या कनेक्टरमधली १६ नंबरची पिन शेजारच्या १७ नंबरला जोडावी लागते. जुन्या वायरिंगमध्ये ही हिरवी आणि काळी असते. यासाठी तयार प्लग मिळतो, तोच वापरा. प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू ठेवला आणि पेनने नंबर टाकले, म्हणजे कुठला ओला झाला ते लगेच कळतं.

रेझर्व्हॉयर काठोकाठ भरायचा, पंप तीन-चार सेकंद चालवायचा, पातळी तळाला जायच्या आत बंद करायचा, परत भरायचा. चौदा वेळा असं केल्यावर पातळी टिकली. १,१८० मिली गेलं. १० मिमी नळीत मीटरला सुमारे ७९ मिलीच मावतं, खरी जागा रेडिएटर आणि रेझर्व्हॉयर खातात. म्हणून एक बाटली पुरत नाही. सुरुवातीला पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो, ती अडकलेली हवा असते. पंप बंद करून केस हळूच पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवला की बुडबुड्यांचे लोट वर येतात. पाणी भरलेला हा केस वीस किलोच्या पुढे जातो, त्यामुळे कलवायला दोघं हवेत.

संध्याकाळी सहापासून पंप एकटा चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारून झाल्यावर टिश्यू पाहिले, संध्याकाळी सहाला परत पाहिले. सगळे कोरडे. चोवीस तास पूर्ण झाले.

एखादा टिश्यू ओला निघाला असता तर काय करायचं हेही माहीत असू द्या. वीज बंद, प्लग भिंतीतून बाहेर, पाणी टिपून घ्यायचं, भाग सोडवून आयसोप्रोपिलने पुसायचा आणि दोन दिवस सुकवायचा. बिघाड होतो तो ओल्या भागातून वीज गेल्यामुळे. बाटलीवर ‘वीज वाहत नाही’ असं लिहिलेलं असलं तरी लूपमध्ये फिरून त्यात धातूचे अंश मिसळतात, त्या शब्दांवर विसंबू नका.

३१ मार्चला, ईदच्या सुट्टीच्या दिवशी, वायरी जोडून मशीन चालू केलं. पडद्यावर आलं: सीपीयू फॅन एरर. प्रोसेसरवर पंखाच नसल्यामुळे बोर्ड थांबतो. पंपाच्या वेगाची वायर सीपीयू फॅनच्या पिनांवर लावली आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंपाचा वेग ७० टक्क्यांवर कायम केला. याचा मोठा फायदा असा की पंप कधी बंद पडला तर बोर्ड स्वतः ओरडतो.

पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवू नका. ५८००एक्सची चिप इतकी लहान आहे की एखादं पान उघडलं तरी तापमान क्षणात वीस अंश उडी मारतं आणि पंखे सारखे घोंघावतात. पाणी सावकाश तापतं, म्हणून पंखे पाण्याच्या सेन्सरवर बांधा. आपल्याकडे तेही पुरत नाही. जानेवारीत पाण्याचे ४० अंश म्हणजे बराच भार, मे महिन्यात ४० अंश म्हणजे त्याहून बराच कमी. फॅनकंट्रोल या मोफत प्रोग्राममध्ये दोन सेन्सरची वजाबाकी करता येते. केसच्या तळाशी, हवा आत येते तिथे, दुसरा सेन्सर लावला आणि पंखे ‘पाणी वजा हवा’ या आकड्यावर ठेवले. फरक ४ अंश असेल तर ६०० आरपीएम, १० ला ९५०, १४ ला १,३००. ऋतू बदलला तरी काही बदलावं लागत नाही.

त्या रात्री जानेवारीचीच चाचणी परत घेतली. खोली ३० अंश. तासाभराने पाणी ४१, कार्ड ५५, मेमरी ७८, प्रोसेसर ७६, पंखे १,०००च्या आसपास. खोलीत छताचा पंखा जास्त ऐकू येत होता. प्रोसेसर जेमतेम बारा अंशांनी उतरला हे पाहून काहींची निराशा होईल. लहानशा चिपमधून उष्णता बाहेर पडायलाच वाट अरुंद आहे, तिथे पाण्याचा इलाज चालत नाही. खरा फायदा कार्डाला आणि कानाला. फक्त प्रोसेसर थंड करायचा असेल तर तयार, बंद लूपचा कूलर घ्या, या वाटेला जाऊ नका. अल्कोहोल, फनेल, पिळायची बाटली असं किरकोळ धरून एकूण खर्च ८२,१३० रुपये झाला.

एप्रिलच्या पहिल्या तीन दिवसांत बारीक बुडबुडे निघत राहिले, पातळी उतरली, ५० मिली कूलंट आणखी घातलं. मग रेझर्व्हॉयरवर मार्करने रेघ मारली. ३ मे रोजी खोलीत ३३ अंश असताना परत माप घेतलं: पाणी ४४, कार्ड ५८. फरक तोच, ११. त्याच दिवशी तळाची जाळी काढली तर ती करड्या धुळीने भरली होती. मऊ ब्रशने ती झटकली. दर महिन्याला पहिल्या रविवारी हे करायचं असं ठरवलं आहे. पातळी रेघेखाली चार मिलिमीटर होती. रबरी नळीतून थोडं पाणी उडतंच. दुसऱ्या बाटलीत ७७० मिली उरलं आहे, ते भर घालायला पुरेल. पुढच्या मार्चमध्ये सगळं पाणी बदलताना आणखी एक बाटली आणावी लागेल.